भरधाव उभा ट्रक

आत्याला मागे बसवून मी स्कूटी चालवते तेव्हा सायकलवाले आम्हाला मागे टाकून पुढे जातात. लातूरला क्लासच्या ऑफिसात माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुली मला ‘बैलगाडी’ म्हणतात, आणि आत्या म्हणते, “हिच्या मागं बसलं की मला डुलकी लागते बाई.” मला वेग आवडत नाही. हॉर्न वाजवायचाही मला संकोच वाटतो. पुढच्या माणसाला आपण हटकतो आहोत असं वाटत राहतं. त्यामुळे पोलिसांच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘भरधाव’ हा शब्द वाचला तेव्हा आधी वाटलं, हा कागद दुसऱ्या कोणाचा तरी असणार.

मी मूळची नांदेडची. आई-वडील तिथेच असतात. लातुरात एका क्लासमध्ये मुलांसाठी छापायच्या इंग्रजी प्रश्नपत्रिका तपासायचं काम मिळालं, तेव्हापासून मी रेणापूरला आत्याकडे राहते. आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचं बाजारपेठेत साड्यांचं आणि परकराच्या कापडाचं दुकान आहे. काका गेल्यावर ती एकटीच दुकान चालवते. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा होईपर्यंत ती कोणाशी बोलत नाही, आणि एकदा बोलायला लागली की दुकान बंद होईपर्यंत थांबत नाही. मी घरी फारसं बोलत नाही. त्यामुळे आमचं छान जमतं.

त्या दिवशी तिला लातूरला डोळे दाखवायचे होते. माझं काम संपल्यावर आम्ही दोघी स्कूटीवरून परत निघालो. दिवस मावळला होता, पण अजून पूर्ण अंधार नव्हता. अशा वेळी दिवे लावूनही रस्ता नीट दिसत नाही. समोरून एक एसटी आली, तिच्या दिव्यांनी डोळे दिपले, म्हणून मी वेग आणखी कमी करून डावीकडे सरकले. पुढच्या क्षणी पुढचं चाक कशावर तरी चढलं आणि आम्ही दोघी रस्त्यावर होतो.

ते दगड होते. घागरीएवढे, ओळीने मांडलेले. रस्त्याच्या कडेपासून तिरपी ओळ निघाली होती ती पार मधल्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत. दोन दगडांच्या मध्ये कडुनिंबाच्या फांद्या खोचलेल्या होत्या, आणि त्यांचा पाला सुकून रस्त्याच्याच रंगाचा झाला होता. ओळीच्या पुढे काहीच नव्हतं. रिकामा रस्ता, त्यावर तेलाचा एक मोठा काळा डाग.

आपल्याकडे राहणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. ट्रक बंद पडला की ड्रायव्हर मागे दगड मांडतो, फांद्या तोडून लावतो. येणाऱ्याने लांबूनच बाजूला व्हावं म्हणून. लहानपणी नांदेडहून आत्याकडे गाडीने येताना मी असे ट्रक मोजत असे. ट्रक दुरुस्त झाला की तो निघून जातो. दगड मात्र तिथेच राहतात. हे मला तेव्हा कधी खटकलं नव्हतं, कारण आमची गाडी चार चाकी होती आणि ती वडील चालवत होते.

माझी कोपरं आणि गुडघे सोलले. आत्याचा खुबा मोडला. ती रस्त्यावर एका कुशीवर पडली होती आणि मला म्हणत होती, “तू उठ, तू उठ आधी, मागनं गाडी येईल.” एका टेम्पोवाल्याने आम्हाला उचलून लातूरच्या दवाखान्यात नेलं. त्याला मी धन्यवादसुद्धा म्हटलं की नाही, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात एक हवालदार आले. तोवर वडील नांदेडहून पोचले होते. आत्या इंजेक्शनच्या गुंगीत होती. हवालदारांनी मला पहिला प्रश्न विचारला, “हेल्मेट होतं का?” मी म्हटलं, “माझ्याकडे होतं.” दुसरा प्रश्न, “लायसन?” मी ते दाखवलं. आत्या कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मग बाकावर बसून मांडीवरच्या पॅडवर ते भराभर लिहायला लागले. मी काय झालं ते सांगत होते, पण त्यांचा पेन माझ्या बोलण्याच्या पुढे धावत होता. मी दगडांपर्यंत पोचले तेव्हा ते लिहून मोकळे झाले होते.

“पेशंट झोपलेलं आहे, तर साहेब, तुम्ही भाऊ आहात ना, तुम्हीच फिर्याद द्या. इथं सही करा,” ते वडिलांना म्हणाले.

वडील सरकारी ऑफिसात आयुष्य काढलेले. पुढे आलेल्या कागदावर सही करायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. त्यांनी खिशातून पेन काढला.

“पप्पा, मी वाचू?” मी म्हटलं.

हवालदार हसले. “मराठी येतं ना वाचायला? नाय, इंग्लिश मीडियम दिसतंय म्हणून विचारलो.”

येतं. हळू येतं. छापलेलं बरं वाचते, हाताने लिहिलेलं अक्षर अक्षर जोडत. म्हणून मी ते जवळजवळ मोठ्यानेच वाचलं. माझी बहीण ही तिच्या भाचीच्या मोटारसायकलवर मागे बसून येत असताना, सदर भाचीने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून, वाहनावरील ताबा सुटून…

“हयगयीने म्हणजे?”

“म्हणजे हयगय. दुर्लक्ष,” वडील हळूच म्हणाले.

शब्द मला माहीत होता, फक्त या कपड्यांत ओळखू आला नाही. आत्या घरी तो रोज वापरते. औषधाची हयगय करू नकोस. जेवणाची हयगय केलीस तर बघ. तिच्या तोंडी तो काळजीचा शब्द आहे. इथे तो गुन्हा होता, आणि माझ्या नावापुढे लिहिलेला होता.

“पण मी हळू चालवत होते. आणि यात दगड कुठे आहेत?”

“आहेत की. खाली बघा. ‘रस्त्यावरील दगडास धडकून’.”

“पण ते कोणीतरी मांडले होते.”

“मॅडम,” हवालदार समजावणीच्या सुरात म्हणाले, “अपघात झालाय म्हणजे हयगय कोणाची तरी पाहिजे. आता तिथं दुसरी गाडी होती का? नव्हती. मग कोणाची लिहू? दगडाची?”

  वडील म्हणाले, “बाळा, हे नुसतं कागदावर असतं. दंड होईल थोडाफार. अक्काच्या विम्याच्या कागदांनाही हे लागणारच आहे. पुढं कोण बघतंय?”

वडिलांवर मी आयुष्यात एवढी रागावले नव्हते. ते वाईट हेतूने बोलत नव्हते, याचाच जास्त राग आला. बहिणीचा पाय मोडला, तो मुलीने मोडला असं सही करून द्यायला ते तयार होते, आणि तेही मुलीला जपण्यासाठी. मी कागद हवालदारांना परत दिला. म्हटलं, “आत्या शुद्धीवर आल्यावर तीच सांगेल. आधी तुम्ही जागा बघायला चला.” हे वाक्य इतकं हळू निघालं की मला ते दोनदा म्हणावं लागलं.

दुपारी आम्ही जागेवर गेलो. मला वाटलं होतं, आता दगड तिथे नसतील आणि मी खोटी ठरेन. पण ते जसेच्या तसे होते. प्रत्येक गाडी त्यांना वळसा घालून जात होती. एक दूधवाला किटल्या लटकवलेली मोटारसायकल घेऊन आला, दगड बघून उजवीकडे सरकला, समोरून जीप आली, दोघांनी ब्रेक दाबले, दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या आणि गेले. दगडांना कोणी काही म्हटलं नाही.

हवालदारांनी टेप लावून अंतरं घेतली, मोबाइलवर फोटो काढले. एका दगडावर आमच्या स्कूटीचा निळा रंग खरवडून लागला होता. ते वाकून म्हणाले, “हे बघा साहेब. तुमच्या मुलीनंच धडक दिली ना दगडाला. दगड काही येऊन हिला धडकला न्हाई.” स्वतःच्याच विनोदावर ते जरा हसले. वडीलही कसनुसे हसले. सरकारी माणसाच्या विनोदाला हसायचं असतं.

रस्त्यापलीकडे पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार बाजेवर बसून सगळं बघत होता. मी त्याच्याकडे गेले. अनोळखी माणसाशी आपणहून बोलायला जाणं मला जमत नाही. त्या दिवशी पाय आधी गेले.

“इथे ट्रक बंद पडला होता का?”

“हाव. एक्सल तुटलं होतं. पेंडीची गाडी. दोन दिवस हुबी होती.”

“गेला कधी?”

“परवा दुपारी. मिस्त्री आला, एक्सल बसवलं, गाडी गेली.”

“आणि दगड?”

“दगड काय?”

“ट्रक गेल्यावर दगड तुम्ही बाजूला का नाही केले? तुम्ही तर इथेच बसलेले असता.”

त्याला खरोखरच प्रश्न कळला नाही. “म्या कामून करू? म्या लावलो का?”

हे वाक्य मी पुढच्या काही दिवसांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की आता ते मला त्या रस्त्याच्या मैलाच्या दगडावर कोरलेलं दिसतं.

ड्रायव्हरचा नंबर त्याच्याकडे होता. मिस्त्री बोलावण्यासाठी त्याच्याच फोनवरून फोन झाले होते. द्यायला तो तयार नव्हता. “गरीब माणूस हाय ताई, उमरीकडचा. त्याच्या पोटावर कशाला पाय देता?” मी म्हटलं, “माझ्या आत्याचा खुबा मोडलाय.” त्याने फोन काढून नंबर वाचून दाखवला.

पंचनामा संपला. हवालदार गाडीकडे निघाले. दगड तिथेच होते. मी वडिलांकडे पाहिलं, वडील घड्याळाकडे पाहत होते. मग मी रस्त्यावर जाऊन पहिला दगड ढकलायला लागले. सोललेल्या कोपरातून पुन्हा रक्त आलं.

“ओ मॅडम! पुरावा हाय तो!”

“फोटो काढलेत ना?”

“काढलो.”

“मोजलंत ना?”

“मोजलो.”

“मग आज संध्याकाळी इथे कोण पडायची वाट बघायची?”

वडील आले, त्यांनी बाह्या सरसावल्या आणि दुसऱ्या टोकाचा दगड लोटायला लागले. पंक्चरवाला बाजेवरून बघत राहिला. शेवटी फांद्या तेवढ्या त्याने येऊन गोळा केल्या. चुलीला होतील म्हणून.

संध्याकाळी दवाखान्यात बसून मी फोनवर कायदा वाचला. इंग्रजीत. तो मला मराठी कागदापेक्षा लवकर कळला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. रस्त्यावर गाडी अशी सोडू नये की इतरांना धोका होईल, हे त्यात आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करून कोणाला इजा होऊ देणं हा गुन्हा आहे, हेही आहे. सदोष गाडी जो चालवतो तोच नव्हे, जो ती चालवू देतो तोही जबाबदार, असंही आहे. म्हणजे कायद्याकडे पुरेसे शब्द होते. चौकीत मात्र एकच वाक्य होतं, आणि जो हाती लागेल त्याच्या गळ्यात ते घालायचं होतं.

नंबर मी हवालदारांना दिला होता. दोन दिवसांनी ड्रायव्हर चौकीत आले. मी त्यांची एक प्रतिमा मनात केली होती, लाल डोळ्यांची, उर्मट. आले ते वडिलांच्याच वयाचे, पांढऱ्या पायजम्यातले, गळ्यात गमछा असलेले गृहस्थ. हवालदारांनी खुर्ची दिली नाही तेव्हा भिंतीला टेकून उभे राहिले. आत्याचं कसं आहे, हे त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा त्यांनीच विचारलं. ऑपरेशन झालं, असं वडिलांनी सांगितल्यावर त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

मग म्हणाले, “पण ताई, माझा कसूर काय ते सांगा. म्या दगडं लावलो, पाला लावलो. दोन दिवस उन्हात त्या गाडीपाशी राखण बसून राहिलो. न्हाई लावलो असतो तर तुमी गाडीवरच येऊन आदळला असता. जित्या राहिला असता का?”

ते मनापासून बोलत होते. दगड मांडणं ही त्यांच्या लेखी हयगय नव्हती, तेच त्यांचं कर्तव्य होतं आणि ते त्यांनी पार पाडलं होतं.  मी विचारलं, “मग जाताना उचलले का नाहीत?”

“जाताना?”

“ट्रक निघाला, तेव्हा.”

 “बंद पडल्या जागी मागं वळून बघायचं न्हाई, असं आमच्या उस्तादानं शिकवलंय. गाडी चालू झाली की निघायचं. पुन्हा थांबलं की पुन्हा बंद पडते म्हणतेत.”

“बघा!” हवालदार आनंदून म्हणाले. “अन् तुमच्याकडं ते लाल तिकोनी असतंय ना, चमकणारं, ते न्हाई का?”

“गाडी पासिंगला नेताना असतंय साहेब. मंग मालक काढून दुसऱ्या गाडीला देतो.”

“क्लीनर कुठं होता?”

“क्लीनर काढून टाकला मालकानं. एकट्याचंच काम हाय म्हणतो. ते दगडं एकट्यानं आणलो म्या, चार-चार येळा वाकून. परत उचलायला कोण होतं? अन् मालक फोनवर फोन करून राहिला, निघाला का, निघाला का, माल खाली करायचाय.”

हवालदारांनी मालकाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून अगदी गोड आवाज आला. “नमस्कार साहेब. हाव, हाव, समजलं. लई वाईट झालं. पण गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात हाय ना साहेब? ताब्यात त्याच्या म्हणजे जिम्मेदारी त्याची. मी तर इथं दुकानात बसलोय.”

हवालदारांनी मान डोलावली, जणू हे पटण्यासारखंच होतं. ‘ताब्यातील वाहन’. हा शब्द मला माझ्या कागदावरूनही ओळखीचा होता. एक्सल कधी बदलायचं हे मालकाने ठरवायचं. क्लीनर ठेवायचा की नाही, तिकोनी पाटी कोणत्या गाडीत राहील, माल किती भरायचा, कधी निघायचं, सगळं त्याने दुकानात बसून ठरवायचं, आणि कोणी रस्त्यावर पडलं की त्या क्षणी गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात. ट्रकवर मागे मालकाच्या मुलांची नावं रंगवलेली असतात. ड्रायव्हरचं नाव फक्त फिर्यादीत येतं.

“हे लिहा,” मी हवालदारांना म्हटलं. “पाटी मालकाने काढून घेतली, क्लीनर काढला, हे.”

हवालदारांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. “लिहू का? सही करावी लागंल.”

ड्रायव्हरने फोनकडे पाहिलं. फोन अजून चालू होता. “राहू द्या साहेब,” ते म्हणाले. “माझंच लिहा. उद्या गाडीवरनं उतरवला तर कुठं जाऊ?”

मला त्यांची दया आली नाही असं नाही. पण रागही गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. ते दगड त्यांनी मांडले होते. चार पावलं मागे जाऊन ते बाजूला करणं त्यांना शक्य होतं. मालकाची भीती खरी, उस्तादाची शिकवण खरी, आणि आत्याच्या मांडीत बसवलेली सळईही खरी. एकाचा कसूर लिहिला म्हणजे दुसऱ्याचा पुसला जातो, असं का असावं?

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, “चल, तुझं नाव तर त्यातून निघालं.”  ते नांदेडला परतले.

आत्याचा जबाब घ्यायला हवालदार आले तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. चष्मा त्या दिवशी फुटला होता, नवा यायचा होता. हवालदारांनी या वेळी कागद चौकीतूनच लिहून आणला होता. “सगळं तुमच्या मनासारखं लिहिलोय मावशी. फक्त सही.”

“माझं मन तुमाला कसं कळलं?” आत्या म्हणाली. “वाच गं.”

मी वाचायला लागले. आता त्या अक्षराची सवय झाली होती. मी माझ्या भाचीच्या स्कूटीवर मागे बसून येत असताना, उमरी येथील इसमाने आपल्या ताब्यातील ट्रक भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे रस्त्यावर उभा करून…

मी थांबले. पुन्हा वाचलं.

“भरधाव वेगात उभा करून?”

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग हवालदारांकडे, आणि ती हसायला लागली. हसताना खुबा दुखायचा, म्हणून ती एका हाताने मांडी धरून हसत होती. “अगं माय, उभा ट्रक भरधाव! आन् आधी ही भरधाव होती म्हणे. अहो, हिच्या गाडीच्या पुढं म्हशी जातेत!”

हवालदारांना हसू आलं नाही. “ते तसंच लिहीत असतेत मावशी. सगळ्या केसला तेच असतंय. एका शब्दानं काय होतंय?”

आणि मग मला राग आला. मी आवाज चढवला, हे शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान वळवली तेव्हा माझ्या लक्षात आलं. “एका शब्दाने मी गुन्हेगार होत होते. तुम्ही मला विचारलं नव्हतं, मी सांगत असताना लिहून मोकळे झाला होतात. आता त्या ड्रायव्हरला तोच शब्द लावलाय. कोर्टात पहिल्याच दिवशी त्याचा वकील विचारेल की दोन दिवस बंद पडलेला ट्रक भरधाव कसा होता, आणि सगळे हसतील, आणि केस संपेल. मग परत कोणाचीच हयगय नाही. दगड आपोआप रस्त्यावर आले.”

शेजारच्या बाईचा नवरा म्हणाला, “बरोबर बोलते पोरगी.” हवालदार त्याच्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही गप बसा हो, तुमचं काय हाय यात?” पण त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि ‘भरधाव वेगात’वर एक रेघ मारली. मग ‘उभा करून’पाशी पेन अडकला. ते वाक्य ‘भरधाव’शिवाय पुढे जात नव्हतं. त्यांनी कितीतरी वर्षं ते असंच लिहिलं असणार.

“मग काय लिहू?” त्यांनी विचारलं. खरोखर विचारलं, पहिल्यांदाच.

मला सरकारी मराठी येत नाही. मला जी येते तीच मी सांगितली. ट्रक बंद पडला होता. मागे दगड मांडले. ट्रक दुरुस्त होऊन गेला. दगड रस्त्यावर तसेच सोडले. आम्ही पडलो तेव्हा तिथे ट्रक नव्हता, पाटी नव्हती, दिवा नव्हता, कोणी माणूस नव्हता.

ते लिहीत गेले. मध्येच म्हणाले, “लई साधं वाटून राहिलंय.”

“खरं हाय का न्हाई, ते बघा,” आत्या म्हणाली.

“हयगय ठेवू का?”

“ठेवा की,” आत्या म्हणाली. “पण एकट्या ड्रायव्हरच्या माथी नगं. गाडी ज्याची हाय, त्यालाबी इचारा म्हणून लिहा. दुकान माझंबी हाय. नोकरानं गिऱ्हाइकाला फाटकी साडी दिली तर ‘साडी नोकराच्या ताब्यात होती’ म्हणून मी सांगितलं, तर गिऱ्हाईक ऐकून घेईल का?”

“मावशी, जबाबात असं मागणं लिहीत नसतेत.”

“मग कुठं लिहितेत, तो कागद आणा.”

हवालदारांनी मान खाली घातली. त्यांच्याकडे तसा कागद नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते उठतील, पेनला टोपण लावतील असं मला वाटलं. मी खाटेच्या दांड्याला धरून उभी होते, त्यांच्या पॅडवर आत्याने सही करायची त्या जागेवर बोट ठेवून. मी बोट काढलं नाही.

“मालक फोनवर बोलला ते मी स्वतः ऐकलंय,” मी म्हटलं. “तुम्हीही ऐकलंय. ड्रायव्हर सांगणार नाही, पण मी सांगू शकते. पाटी तो काढून घेतो, हे ड्रायव्हरने माझ्यासमोर सांगितलं. मी माझा वेगळा जबाब देते. माझ्या सहीने.”

 हवालदारांनी पॅडवरचा पहिला कागद उलटा केला, नवा कोरा वर घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सांगा. मालक फोनवर काय म्हणाला? हळू सांगा, मी लिहितो.”